अमेरिकेत लोक 'पाव गाय' विकत घेतात, पण पैसे नेमके कशाचे मोजतात?

आपल्याकडे गावात बोकड कापला की वाटे पडतात. ज्याने आधी नाव सांगितलं, त्याचा वाटा पक्का. अमेरिकेत बीफचं असंच चालतं, फक्त जनावर मोठं आणि हिशोब जरा किचकट. शेतकरी जाहिरात करतो : पाव, अर्धी किंवा अख्खी गाय मिळेल. (म्हणायला गाय, पण बहुतेक वेळा तो खच्ची केलेला गोऱ्हा असतो.)

याची चर्चा सध्या वाढलीये, कारण बीफ महागलंय. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेतली गुरांची संख्या सुमारे 8 कोटी 67 लाख होती, म्हणजे 1951 नंतरची सगळ्यात कमी. त्याच वर्षी दुकानात साध्या खिम्याचा सरासरी भाव पौंडाला 6 डॉलरच्या वर गेला. एक पौंड म्हणजे साधारण 454 ग्रॅम.

अशात शेतकरी म्हणतो, "पौंडाला 5 डॉलर, त्यात स्टेकसुद्धा." स्वस्त वाटतं ना? इथेच बरेच जण फसतात. हा भाव घरी येणाऱ्या मांसाचा नसतो, तर टांगलेल्या धडाचा असतो.

समजा, जनावराचं जिवंत वजन 1200 पौंड आहे. कातडं, डोकं, पाय, आतडी काढली की धड उरतं साधारण 720 पौंडांचं. त्याचा पाव हिस्सा 180 पौंड. 5 डॉलरने झाले 900. कापून पॅक करण्याची मजुरी बहुतेकदा वेगळी लागते. ती पौंडाला 1 डॉलर धरली तर आणखी 180. एकूण 1080 डॉलर.

पण धड दहा-बारा दिवस थंड खोलीत टांगून ठेवतात, त्यात पाणी उडतं. मग हाडं आणि चरबी निघते. हातात येतं साधारण 110 पौंड मांस. म्हणजे खरा भाव पडला पौंडाला जवळपास 10 डॉलर! शिवाय त्यात खिम्याचा वाटा मोठा असतो, स्टेक मोजकेच निघतात. स्टेक महाग मिळतात तिथे हा सौदा परवडतो. नुसता खिमाच खाणाऱ्या घराला तो महागात पडतो.

मग शेतकरी किलो-दोन किलो का विकत नाही?

कारण कायदा. मांस विकायचं तर जनावर सरकारी निरीक्षक असलेल्या कत्तलखान्यात कापावं लागतं, आणि या धंद्यात मोठ्या कंपन्यांचा दबदबा आहे. टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चौघांच्या हातात बीफच्या बाजाराचा सुमारे 85 टक्के हिस्सा आहे. गावच्या छोट्या खाटकाला एक सवलत आहे : मालकाने स्वतःच्या घरासाठी आणलेलं जनावर तो निरीक्षकाशिवाय कापून देऊ शकतो. म्हणून गिऱ्हाईक जनावर जिवंत असतानाच त्याचा वाटा घेऊन मालक होतं. पुड्यांवर 'नॉट फॉर सेल' असा शिक्का बसतो.

म्हणजे चार मित्रांनी मिळून घ्यायचं असेल, तर चौघांची नावं कत्तलीआधीच शेतकऱ्याला द्यायला हवीत. एकाने घेऊन नंतर बाकीच्यांना विकलं, तर तो गुन्हा ठरतो. (महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे हा प्रश्न तिकडे राहणाऱ्यांचाच.)

आगाऊ रक्कम देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : भाव कोणत्या वजनावर आहे, कापायची मजुरी त्यात धरलीये का आणि खाटकाची तारीख कधीची आहे. 2020 मध्ये कोरोनामुळे मोठे कत्तलखाने बंद पडले, तेव्हा छोट्या खाटकांकडे कित्येक महिन्यांची वेटिंग लागली होती.

आणि हो, 110 पौंड म्हणजे 50 किलो. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एवढं मावत नाही, वेगळा फ्रीझर लागतो. सूपसाठी हाडं किंवा कलेजी हवी असेल, तर तेही आधीच सांगून ठेवावं. नाहीतर खाटीक ती टाकून देण्याची शक्यता असते, पैसे मात्र हाडांसकट वजनाचे दिलेले असतात.