सुई-दोऱ्याचं गवत

दोस्तांनो, माळावर हुंदडून आलात, की मोज्यांत कुसळं रुततात ना? त्यांचा एक भाऊबंद अमेरिकेतल्या प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या अफाट गवताळ माळावर, कोरड्या रेताड जमिनीत वाढतो. दरवर्षी त्याच ठोंबातून पुन्हा फुटतो. नाव ‘नीडल अँड थ्रेड’. सुई-दोरा!

ओळखायचा कसा? नुसत्या पात्यांवरून भलेभले फसतात. बी धरेपर्यंत थांबायचं. बी सुईसारखं टोकदार, त्याच्या मागे 10 ते 20 सेंटिमीटर लांब कुसळ. ‘पॉर्क्युपाइन’ म्हणजे साळिंदर गवताचंही कुसळ लांबच, पण ते जाड आणि शेवटी सरळ. याचा शेवट मात्र दोऱ्यासारखा बारीक, वेटोळलेला.

कुसळ भिजलं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. असं फिरत फिरत बी आपणच रेतीत घुसतं!

ही ओळख तिथल्या गुराख्याला हवीच. कोवळेपणी हा उत्तम चारा, पण बी पिकलं की तीच सुई गुरांच्या तोंडात रुतते. म्हणून गुरं त्याआधी सोडायची, नाहीतर बी गळून गेल्यावर. तीही बेतानं. नेब्रास्कातल्या सुमारे 50 हजार चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या अशाच गवतांनी धरून ठेवल्या आहेत. गवत गेलं, की वारा वाळू उडवून टेकडीत खड्डाच पाडतो.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडची कुसळी सापडली, तर वाळलेल्या कुसळावर पाण्याचा थेंब टाकून बघा. तेही गिरक्या घेतं. फक्त डोळ्यांजवळ नेऊ नका हं!