मुसाफिराचा रोजा

दाभोळ म्हटलं की पेपर वाचणाऱ्यांना एन्रॉन आठवतो. तो प्रकल्प खरं तर खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. दापोलीला येणारे पर्यटक मुरूड, कर्दे, हर्णैला थांबतात. दाभोळला आलेच तर गाडी फेरीबोटीत चढवायची आणि धोपाव्याला उतरून पुढे निघायचं.

गेल्या रविवारी मी फेरीत चढलो नाही. वाशिष्ठीच्या मुखाजवळ काळ्या दगडाची जुनी मशीद आहे. एक घुमट, चार मिनार. विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला निघाली, इथवर आली, पण समुद्रात धोका म्हणून पुढे जाता आलं नाही. बरोबरचा पैसा तिने या मशिदीत घातला, असं सांगतात. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच बंदरातून होर्मुझला निघाला. वाटेत त्याचे धर्मग्रंथ लुटले गेले होते, सणवारांचा हिशेब चुकला होता. हिंदुस्थानात आपण मुसलमानांबरोबर महिनाभर रोजे धरले, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

हे सगळं डोक्यात घेऊन जेटीवर आलो. एक चाचा जाळं सांधत बसले होते. दालदी, उभा जन्म तांडेल म्हणून गेलेला.

"सर, तुम्ही शिकलेले. मुसाफिराला रोजा माफ, नंतर कजा करायचा, म्हणजे भरून काढायचा. मग आम्ही दर्यावर मुसाफिर, की तेच आमचं घर?"

मला उत्तर आलं नाही. मौलवींना विचारा, म्हणालो.

"विचारलं. ते म्हणाले, किती लांब जाता त्यावर आहे. आता किती लांब, ते मासळी ठरवते."

त्यांनी आपल्यापुरता हिशेब बसवलाय. होडी त्याच दिवशी परतणार असेल तर रोजा. तीन-चार दिवस बाहेर असेल तर नाही. उन्हात पाण्याविना जाळं ओढताना खलाशी कोसळला तर त्याचा जाब तांडेलालाच द्यावा लागतो. राहिलेले रोजे जूनमध्ये, मासेमारी बंद होऊन होड्या किनाऱ्यावर ओढल्या की.

"पण जूनचा दिवस लांब," ते हसले. "उधारी महागात फेडतो मी."

मगरिबची अजान झाली. चाचांनी खजुराचा डबा आधी माझ्यापुढे धरला, मग स्वतः घेतला. चार खजूर कागदात बांधून बाजूला ठेवले. मुलाची होडी दुपारीच यायची होती. अजून खाडीत शिरली नव्हती.