पॉवर ओव्हर इथरनेट

पॉवर ओव्हर इथरनेट (संक्षेप: पीओई) म्हणजे संगणकांच्या जाळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इथरनेट केबलमधूनच माहितीबरोबर वीजही पुरवण्याची पद्धत होय. या पद्धतीमुळे आयपी दूरध्वनी, देखरेख कॅमेरा, वाय-फाय ॲक्सेस पॉइंट यांसारखी लहान उपकरणे वेगळा सॉकेट व ॲडॅप्टर नसतानाही चालतात. वीज पुरवणारे उपकरण बहुधा नेटवर्क स्विच असते. स्विचमध्ये ही सोय नसल्यास स्विच व उपकरण यांच्या दरम्यान इंजेक्टर नावाचे छोटे उपकरण जोडतात. इथरनेट केबलची नेहमीची १०० मीटरची मर्यादा पीओईलाही लागू असते.

इथरनेट केबल मुळात वीज वाहून नेण्यासाठी बनवलेली नव्हती. तिच्यातील तारा बारीक असतात, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वीज न मागणारे उपकरणही जोडलेले असू शकते. त्यामुळे बारीक तारांतून पुरेशी वीज कशी न्यावी आणि ती चुकीच्या उपकरणात जाणार नाही याची खात्री कशी करावी, हे दोन प्रश्न निर्माण होतात. पीओईच्या मानकांची रचना मुख्यतः या दोन प्रश्नांभोवती झाली आहे.

इतिहास

जुन्या पद्धतीच्या तारेच्या दूरध्वनीला वीज त्याच्याच तारेतून मिळत असे. दूरध्वनी केंद्रातील सुमारे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या ती पुरवत असल्यामुळे घरातील वीज गेली तरी दूरध्वनी चालू राही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कार्यालयांमध्ये इथरनेटवर चालणारे आयपी दूरध्वनी येऊ लागले, तेव्हा ही सोय नाहीशी झाली. प्रत्येक संचाला स्वतंत्र ॲडॅप्टर लागू लागला आणि वीज खंडित होताच दूरध्वनीही बंद पडू लागला. आणीबाणीच्या प्रसंगी ही गंभीर उणीव होती.

यावर उपाय म्हणून सिस्को या कंपनीने २००० साली स्वतःची इनलाइन पॉवर पद्धत बाजारात आणली. मात्र निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळण्यासाठी समान मानकाची गरज होती. इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स (आयईईई) या संस्थेने २००३ साली ८०२.३एएफ हे पहिले मानक मंजूर केले. त्यानंतर २००९ साली ८०२.३एटी आणि २०१८ साली ८०२.३बीटी ही अधिक शक्तीची मानके आली.

विद्युतदाबाची निवड

पीओईमध्ये एकदिश प्रवाह वापरतात व त्याचा विद्युतदाब साधारणपणे ४४ ते ५७ व्होल्ट असतो. लहान उपकरणांच्या आतील मंडलांना सहसा ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाब लागतो. तरीही केबलमध्ये जास्त दाब ठेवण्याचे कारण तारेच्या रोधात आहे.

तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या मानकात केबलच्या जाण्या-येण्याच्या मार्गाचा एकूण रोध जास्तीत जास्त २० ओहम गृहीत धरला आहे. स्विचने ४४ व्होल्टवर ३५० मिलिअँपिअर प्रवाह दिल्यास १५.४ वॅट शक्ती बाहेर पडते. त्यापैकी ०.३५ × ०.३५ × २० = २.४५ वॅट तारेत खर्च होतात आणि उपकरणापर्यंत १२.९५ वॅट पोहोचतात. मानकात उपकरणासाठी दिलेली मर्यादा हीच आहे.

हीच शक्ती ५ व्होल्टवर न्यायची झाल्यास सुमारे २.६ अँपिअर प्रवाह लागेल. २० ओहम रोधात या प्रवाहामुळे ५२ व्होल्टचा दाब घटेल, म्हणजे मूळ दाबाच्या दहापट. अर्थात असा पुरवठा अशक्यच आहे. दुसरीकडे, दाब ६० व्होल्टच्या खाली ठेवल्याने तो सुरक्षित समजल्या जाणाऱ्या अल्प विद्युतदाबाच्या मर्यादेत राहतो. उपकरणात पोहोचल्यावर हा दाब परिवर्तक मंडलाद्वारे आवश्यक पातळीवर उतरवला जातो.

माहिती व वीज एकत्र नेण्याची रीत

इथरनेट केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. माहितीचा संदेश एका जोडीतील दोन तारांच्या दाबांमधील फरकाच्या रूपाने जातो. पीओईमध्ये एका जोडीच्या दोन्ही तारा धन, तर दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारा ऋण ठेवतात. एकाच जोडीतील दोन तारांचा दाब समान राहत असल्यामुळे त्यांच्यातील फरकावर, म्हणजेच संदेशावर, परिणाम होत नाही.

इथरनेट पोर्टमध्ये प्रत्येक जोडीला छोटे रोहित्र असते. त्याच्या वेटोळ्याच्या मध्यबिंदूतून वीज आत सोडली जाते. तेथून प्रवाह दोन्ही अर्ध्या वेटोळ्यांत विरुद्ध दिशांनी सारखा विभागला जातो व गाभ्यातील चुंबकीय परिणाम परस्परांना रद्द करतात. १०० मेगाबिटपर्यंतच्या इथरनेटमध्ये दोन जोड्या माहितीसाठी रिकाम्याच असतात. त्यांतूनही वीज पाठवता येते. ८०२.३बीटी मानकात चारही जोड्यांचा वापर करता येतो.

ओळख व वर्गवारी

मानकानुसार चालणारा स्विच पोर्टवर थेट पूर्ण दाब देत नाही. तो प्रथम सुमारे २.८ ते १० व्होल्टचा अल्प दाब देऊन पलीकडील रोध मोजतो. पीओई उपकरणात ओळखीची खूण म्हणून सुमारे २५ किलोओहमचा रोध ठेवलेला असतो. सामान्य संगणकात ही खूण नसते. त्यामुळे त्याला वीज दिली जात नाही.

खूण पटल्यावर स्विच दाब १५.५ ते २०.५ व्होल्टपर्यंत वाढवतो. या वेळी उपकरण किती प्रवाह घेते यावरून त्याचा शक्तिवर्ग ठरतो. त्यानंतरच पूर्ण दाब सुरू होतो. पुढे उपकरणाने ठरावीक किमान प्रवाह घेणे थांबवल्यास केबल काढली गेली असे मानून स्विच अर्ध्या सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. अन्यथा काढलेल्या केबलमधील दाब नंतर जोडलेल्या दुसऱ्याच उपकरणात गेला असता.

मानके

| मानक | वर्ष | स्विचकडील शक्ती | उपकरणाला मिळणारी शक्ती | वीज वाहणाऱ्या जोड्या |
|---|---|---|---|---|
| ८०२.३एएफ | २००३ | १५.४ वॅट | १२.९५ वॅट | २ |
| ८०२.३एटी | २००९ | ३० वॅट | २५.५ वॅट | २ |
| ८०२.३बीटी, प्रकार ३ | २०१८ | ६० वॅट | ५१ वॅट | २ किंवा ४ |
| ८०२.३बीटी, प्रकार ४ | २०१८ | ९० वॅट | ७१.३ वॅट | ४ |

स्विचकडील व उपकरणाकडील आकड्यांमधील फरक हा सर्वांत लांब केबलमध्ये होणारा व्यय आहे. केबल आखूड असल्यास प्रत्यक्ष व्यय कमी होतो.

उपयोग

छताला लावलेले ॲक्सेस पॉइंट, इमारतीबाहेरील कॅमेरे, दरवाज्यांवरील प्रवेश-नियंत्रण यंत्रणा आणि एलईडी दिवे यांसाठी पीओई वापरतात. अशा ठिकाणी वीजजोडणी करणे खर्चिक व गैरसोयीचे असते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकालाही ३ मॉडेल बी+ या २०१८ च्या आवृत्तीपासून जोडबोर्डाच्या साहाय्याने पीओईवर चालवता येते.

स्विचला यूपीएस जोडल्यास वीज गेल्यावरही त्यावरील सर्व उपकरणे चालू राहतात. अशा रीतीने जुन्या दूरध्वनी केंद्राची सोय पीओईमुळे पुन्हा उपलब्ध झाली. बंद पडलेले उपकरण जागेवर न जाता स्विचवरूनच बंद करून पुन्हा सुरू करता येते.

मर्यादा व दक्षता

* स्विचची एकूण क्षमता मर्यादित असते. २४ पोर्टच्या स्विचवर प्रत्येक पोर्टला ३० वॅट द्यायचे झाल्यास ७२० वॅट लागतात. अनेक स्विच एवढी शक्ती पुरवू शकत नाहीत. त्यामुळे पोर्टची संख्या व एकूण वॅट दोन्ही पाहावे लागतात.
* अनेक केबल एकत्र बांधल्यास मधल्या केबलमधील उष्णता सहज बाहेर पडत नाही. तापमान वाढले की तांब्याचा रोध आणि त्याबरोबर व्ययही वाढतो.
* तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलचा रोध शुद्ध तांब्याच्या केबलच्या सुमारे दीडपट असतो. अशा केबल पीओईसाठी अयोग्य ठरतात.
* पॅसिव्ह पीओई या नावाने विकल्या जाणाऱ्या काही इंजेक्टरमध्ये ओळखीची पायरी नसते. ते सतत ठरावीक दाब, अनेकदा २४ व्होल्ट, देत राहतात. चुकीचे उपकरण जोडल्यास ते जळू शकते.
* इमारतीबाहेर नेलेल्या केबलमधून वीज कोसळल्याने निर्माण होणारा अतिदाब स्विचपर्यंत येऊ शकतो. त्यासाठी अतिदाब-संरक्षक व योग्य भूसंपर्क आवश्यक असतो.
* एक स्विच बंद पडल्यास त्यावर अवलंबून असलेली सर्व उपकरणे एकाच वेळी बंद पडतात.

हे सुद्धा पहा

* इथरनेट
* आयपी दूरध्वनी
* रोहित्र
* यूपीएस