एकच दुर्बीण, दिवसाही आणि रात्रीही

अमेरिकेतल्या बहुतेक मराठी घरांत कधी ना कधी एक टेलिस्कोप येतो. मुलं आठ-नऊ वर्षांची झाली, शाळेत ग्रहमालेचा प्रोजेक्ट झाला, की थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये खोक्यावर शनीचं रंगीत चित्र आणि ‘पाचशे पट मोठं’ असं छापलेला तो टेलिस्कोप दिसतो आणि कार्टमध्ये जातो. दोन रात्री सगळं घर बॅकयार्डात थंडीत कुडकुडतं. तिपाई डुगडुगते, चंद्र सापडेपर्यंत तो निसटून जातो, आणि तिसऱ्या आठवड्यात स्वारी गराजमध्ये जुन्या ट्रेडमिलशेजारी विसावते. आमच्या नेहमीच्या पाच-सहा कुटुंबांत नुसतं विचारून पाहिलं, तर असे चार टेलिस्कोप निघाले!

दोष मुलांच्या उत्साहाचा नाही, की आकाशाचा नाही. पहिलं साधन म्हणून टेलिस्कोपच चुकीचा. आधी दोन डोळ्यांची साधी दुर्बीण घ्यावी, जिला आपली खगोलप्रेमी मंडळी ‘द्विनेत्री’ म्हणतात. तिला तिपाई लागत नाही, आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो, चित्र उलटं दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खिडकीतून पक्षी बघायला उपयोगी पडते. शंभर ते तीनशे डॉलरमध्ये जन्मभर टिकेल अशी दुर्बीण मिळते. गेल्या दोन वर्षांत आम्ही एकमेकांच्या दुर्बिणी पिकनिकला, पार्किंग लॉटमध्ये, डेकवर अदलाबदल करून पाहिल्या. त्यावरून आमचं जे मत झालं, ते इथे मांडतो आहोत.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात : ८×४२, १०×५० असे. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानात गेलं की आपला हात आपसूक मोठ्या पहिल्या आकड्याकडे जातो. भाजी घेताना दहा पैशांची घासाघीस करणारी आपण माणसं, त्याच पैशात वीस पट मिळत असेल तर आठ पट का घ्या? पण चित्र जितकं मोठं, तितकाच हाताचा कंपही मोठा. दहा पटींच्या पुढे हातात धरलेल्या दुर्बिणीतून तारा टिंबासारखा राहतच नाही, रेघोट्या मारत सुटतो. शिवाय चित्र अंधुक होतं आणि दिसणारा भाग आक्रसतो. म्हणून आठ किंवा दहा, त्यापुढे जाऊ नये. झूमवाल्या तर मुळीच घेऊ नयेत, आणि ज्यांची भिंगं माणकासारखी लालभडक चमकतात त्याही नकोत.

आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. १०×५० ला ५ येतात, ८×४२ ला सव्वापाच, ७×५० ला ७ च्या थोडं वर. मागच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी, मिलिमीटरमध्ये. हा झोत आपल्या बाहुलीतून आत जायला हवा. काळोखात विशीतल्या माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. वय वाढतं तशी ती कमी उघडते, आणि पन्नाशी-साठीत अनेकांची ५ च्या आसपास येऊन थांबते. माणसागणिक फरक असतो, पण दिशा हीच. म्हणजे सत्तरच्या दशकात इथे आलेल्या आमच्या मंडळींनी, ‘रात्रीसाठी सगळ्यात उत्तम’ म्हणून पूर्वीपासून नावाजलेली ७×५० गळ्यात अडकवली, तर त्यांच्या डोळ्यांना ती ७×३५ एवढीच! प्रकाशाचा हिशेब केला तर जवळजवळ निम्मा प्रकाश बाहेरच सांडतो, आणि किलोभर वजन मात्र मानेवर पूर्ण. दुर्बीण निवडताना आपलं वय लक्षात घ्यायचं असतं, हे दुकानदार सांगत नाही. (आपणही दुकानात वय सांगत नाही, ते सोडा.)

दुसरी गोष्ट चष्म्याची. आपल्यात चष्मा नसलेलं माणूस शोधावं लागतं. डोळा मागच्या भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं, त्या अंतराला ‘आय रिलीफ’ म्हणतात. चष्मा लावून बघायचं तर हे अंतर निदान १६ मिलिमीटर हवं. कमी असेल तर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं, आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस करता येतो. ॲस्टिग्मॅटिझमचा नंबर मोठा असेल तर चष्मा लावूनच बघावं, नाहीतर तारे शेपट्या फुटल्यासारखे दिसतात. हा आकडा पेटीवर किंवा माहितीपत्रकात छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट हातांची. १०×५० साधारण ८०० ग्रॅम ते किलोभर भरते, ८×४२ साधारण ६०० ते ७०० ग्रॅम. कागदावर फरक किरकोळ वाटतो. दहा मिनिटं मान वर करून धरून बघा म्हणजे कळतं.

काचेबद्दल फार खोलात जात नाही. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा-एक पृष्ठभाग धरले, तरी एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला. म्हणून काचेवर लेप देतात. ‘कोटेड’ म्हणजे कुठेतरी लेप आहे, ‘फुली मल्टी-कोटेड’ म्हणजे प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थरांचा आहे. आपल्याला हे दुसरं हवं. आतल्या प्रिझमची काच बीएके-४ असावी. ते ओळखायची युक्ती सोपी आहे : दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि मागच्या भिंगांत दिसणाऱ्या प्रकाशाच्या दोन टिकल्या बघा. टिकल्या गोल आणि सारख्या उजळ असाव्यात. कडा कापल्यासारख्या, चौकोनीकडे झुकलेल्या दिसल्या तर काच हलकी.

घडण दोन प्रकारची. खांदे बाहेर आलेली जुन्या वळणाची ती पोरो, इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थाने १८५४ साली पेटंट घेतलेल्या प्रिझमची. सरळ नळ्यांची ती रूफ. त्याच पैशात पोरोचं चित्र बहुधा सरस असतं. रूफ सुटसुटीत असते, पण तिला ‘फेज कोटिंग’ आहे का ते विचारावं. भारतात कोकणातल्या घरी नेऊन ठेवायचा विचार असेल तर नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफच घ्या, पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते.

मग घ्यायची कुठली? घरात एकच, आणि ती सगळ्यांनी वापरायची असेल, तर ८×४२. आकाशच मुख्य असेल, हात स्थिर असतील आणि जवळपास काळोख असेल, तर १०×५० पोरो. आमच्यात यावर एकमत नाही, १०×५० वाल्यांनी शेवटपर्यंत हार मानली नाही. पण पिकनिकला सगळ्यात जास्त हातांतून फिरली ती ८×४२, हे त्यांनाही नाकारता आलं नाही. निकॉन, सेलेस्ट्रॉन, व्हॉर्टेक्स, पेंटॅक्स यांच्यापैकी कुणाचीही या किमतीतली चालेल. ऑनलाइन मागवली तरी परत करायची मुदत संपायच्या आत एक परीक्षा नक्की घ्या : लांबच्या खांबाकडे पाच मिनिटं बघा. दोन चित्रं एक व्हायला डोळ्यांना ओढ लागत असेल, डोकं जड होत असेल, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण तशीच परत करावी.

आता खरी गंमत. रात्री कधी बघायचं, याचं वेळापत्रक आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच टांगलेलं असतं. कालनिर्णय! आपल्या तिथी चंद्रावर बांधलेल्या, त्यामुळे रात्र काळोखी की उजेडी हे आपल्याला न शिकताच ठाऊक आहे. (तिथी जगभर एकाच क्षणी लागते, पण आपलं घड्याळ भारताच्या मागे असल्याने इथे ती कधीकधी आदल्या तारखेला पडते, एवढं सांभाळा.)

कोजागिरीला मंडळाच्या मसाला दुधाबरोबर दुर्बीण आणायची टूम दरवर्षी निघते. आणू नये. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, चंद्र कणकेच्या पांढऱ्या पोळीसारखा सपाट दिसतो आणि बाकीचे तारे पुसून टाकतो. चंद्र बघायचा तो नवरात्रातल्या अष्टमीला. उजेड आणि काळोख यांच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या लांबलचक पडतात, आठ पटींतही त्यांच्या कडा दिसतात. शुक्ल चतुर्थीची कोर तर त्याहून सुंदर. कोरीच्या कुशीतला काळा भाग मंद राखाडी उजळलेला दिसतो, तो आपल्याच पृथ्वीवरून परतलेला प्रकाश. भाद्रपदातली चतुर्थी मात्र सोडा, घरातली वडीलधारी मंडळी दुर्बीण काढून घेतील.

तारे बघायचे ते लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला. फराळ उरकून रात्री दहाच्या सुमारास बाहेर या. पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतात. नुसत्या डोळ्यांना सहा-सात, दुर्बिणीत कितीतरी डझन. टेलिस्कोपच्या अरुंद नजरेत हा पुंजका मावतही नाही. आपल्या डोक्यावर जवळपास देवयानी दीर्घिका असते, एक लांबट धुरकट डाग. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश! शहराच्या दिव्यांत तो डाग हरवतो, पेनसिल्वेनियातल्या चेरी स्प्रिंग्ज स्टेट पार्कसारख्या ठिकाणी तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. डोक्यावरचं बघायला आरामखुर्चीत पडावं, मान वाचते. गुढीपाडव्याच्या रात्रीही चंद्र नसतो. तेव्हा दक्षिणेकडे उंच पुष्य नक्षत्रातला तारकापुंज, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, आणि ईशान्येला सप्तर्षींत वसिष्ठाला चिकटून अरुंधती. लग्नात भटजींनी दाखवलेली अरुंधती आपल्यापैकी किती जणांनी खरोखर पाहिली, ते ज्यांनी त्यांनी मनाशी ठरवावं. दुर्बिणीत ती अगदी स्वच्छ वेगळी दिसते.

गुरूचे चार चंद्र, गॅलिलिओने १६१० साली पाहिले तेच, आठ पटींतही दिसतात, पण कोपर गाडीच्या टपावर टेकवून. शनीची कडी मात्र दिसणार नाहीत, तो फक्त लांबुडका वाटतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. आणि सूर्याकडे कधीही नाही, एक क्षणही नाही. ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणाला ज्यांनी कागदी चष्मे घेतले, त्यांनी ते डोळ्यांना लावून दुर्बिणीतून बघण्याचा विचारही करू नये. गाळणी लागते ती पुढच्या भिंगांवर, त्यासाठीच बनवलेली.

दिवसाचा उपयोग आम्ही खरं तर किरकोळ धरला होता : नायगारा, मुलांचा सॉकर, फार तर सप्टेंबरात हॉक माउंटनवर दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी. सगळ्यात जास्त वापर निघाला तो घरात. आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. आपण कामावर, मुलं शाळेत, गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही. दुपार सरता सरत नाही, आणि ‘आम्ही मजेत आहोत’ असं ते रोज सांगतात. आमच्यातल्या एकांच्या सासूबाई, वय ७८, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. त्यांना ८×४२ जड झाली, म्हणून सुमारे अर्धा किलोची ८×३२ आणली. दिवसा बाहुली लहानच असते, त्यामुळे उजेडात काही कमी पडत नाही. खिडकीबाहेर सूर्यफुलाच्या बियांचं फीडर टांगलं. आठवड्याभरात त्यांनी कार्डिनलची जोडी ओळखीची केली. वसंतात नर मादीला चोचीने दाणा भरवतो, हे त्यांनीच प्रथम पाहिलं आणि संध्याकाळी जावयांसमोर लेकीला ऐकवलं, ‘बघ, शिकण्यासारखं आहे!’

एका दुर्बिणीवर चार माणसं असली की उजव्या डोळ्याची कडी रोज कुणीतरी फिरवतं. आधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डावा डोळा जुळवावा, मग डावं झाकून त्या कडीने उजवा. कडीवरची आपली खूण कुठे येते ते प्रत्येकाने एकदा बघून ठेवावं. त्या घरी पट्ट्यावर चार रंगांच्या चिकटपट्ट्या आहेत, हिरवी आजीची.