एका हाकेने भरलेले मैदान

पूर्वी सामना पाहायचा, तर मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहावे लागे. लांबचा सामना असला, की रेडिओभोवती माणसे गोळा होत. आता मोबाईल घरोघरी आला. रात्री पिकाला पाणी देता देता आपला मुलगा युरोपातला फुटबॉलचा सामना पाहतो आणि आवडत्या खेळाडूला दोन शब्द लिहूनही टाकतो. या दोन शब्दांत बळ केवढे, हे मुंबईने पाहिले आहे.

१ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. पण हा विजय पाहायला प्रेक्षक किती? अवघे २,५६९! दुसऱ्याच दिवशी छेत्रीने समाजमाध्यमावर कळकळीची विनंती केली. आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण मैदानावर या, असे त्याचे सांगणे होते. सचिन तेंडुलकर, विराट कोहली यांनीही ती हाक पुढे नेली. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपून गेली. भर पावसात लोक बसून राहिले. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना भारताने ३-० ने जिंकला.

मात्र हे हत्यार दुधारी आहे. जुलै २०२१ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो व साका या तीन तरुणांच्या पेनल्टी हुकल्या. त्याच रात्री त्यांच्या काळ्या वर्णावरून मोबाईलवर घाणेरड्या शिव्यांचा पाऊस पडला. समोर उभे राहून जे बोलायला जीभ धजत नाही, ते बोटे सहज लिहून जातात.

आपल्या धाराशिव जिल्ह्याचा खेळ खो-खो. इथल्या सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघात आपली अश्विनी शिंदे होती. अशा मुली गावच्या शाळेच्या मैदानावरच घडतात, आणि तिथे टाळ्या वाजवायला माणसे हवीत.

तेव्हा मायबापहो, शाळेचा सामना असेल त्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर वेळ व ठिकाण कळवा. जिंकल्याचे कौतुक लिहा. हरलेल्या लेकराची टिंगल कोणी केली, तर तिथल्या तिथे थांबवा. आणि घटकाभर मोबाईल खिशात ठेवून मैदानाच्या कडेला जाऊन बसा. पोरींच्या पायांत बळ येईल.