दुकानातलं बाकडं

परवा गव्हल्याची खीर करायला घेतली आणि वेलदोडे संपलेले. पिशवी न घेताच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात गेले. तेव्हा लक्षात आलं, या महिन्यात मी इथं पहिल्यांदाच पाऊल टाकतेय. बाकी सगळं सामान मोबाइलवरून घरपोच आलेलं!

चार वर्षांपूर्वी याच दुकानात माझी रोज एक तरी फेरी व्हायची. असं दुकान तुमच्याही गावात असेल. पुढं लाकडी काउंटर, मागं बरण्यांच्या फळ्या, कडेला डाळ-तांदळाची पोती आणि डाव्या हाताला एक बाकडं. यादी द्यायची आणि माल मापून होईपर्यंत बाकड्यावर टेकायचं. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुठल्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, कुणाला शिवणकाम हवंय, सगळं तिथं कळायचं. माझ्या लेकीला गणित शिकवणाऱ्या बाई मला त्याच बाकड्यावर भेटल्या.

पुरुषांना बसायला पार असतो, चहाची टपरी असते. काहीच नसलं तर केस न कापताही सलूनमध्ये पेपर वाचत बसता येतं. आपलं काय? बाई नुसती कट्ट्यावर बसली तर 'हिला घरी कामं नाहीत का?' पण हातात पिशवी असली की कुणी काही विचारत नाही. पिशवी म्हणजे आपल्याला बाहेर थांबायचा परवानाच.

मग दुकानदारकाकांच्या मुलानं दुकानाचं 'मार्ट' केलं. लोखंडी रॅक आले, टोपल्या आल्या, बाकडं गेलं. खरं सांगायचं तर मला आवडलं होतं. किंमत आणि तारीख स्वतः वाचून घेता येते. सॅनिटरी नॅपकिन मागताना चार पुरुष बाजूला होईपर्यंत ताटकळावं लागत नाही. बाकड्यावर सगळं गोडच होतं असंही नाही. कुणाची उधारी थकलीय, हेही तिथंच चारचौघींना कळायचं.

पण आमच्या शेजारच्या आजींचं दुकानात जाणं थांबलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. मुलगा पुण्यात. आजी रोज सकाळी दहाला दुकानात जायच्या. कधी काडेपेटी, कधी पावशेर साखर. आज कळतं, एकदम किलोभर त्या मुद्दामच घेत नसाव्यात! मार्टमध्ये उभं राहवेना, काय कुठल्या रॅकवर ते सापडेना. मुलानं पुण्यातून घरपोच सामानाची सोय केली. डबे भरलेले, आजी घरात.

गेल्या पावसाळ्यात त्या सकाळी मोरीत घसरून पडल्या. मनगट मोडलं. संध्याकाळी दुधाचं पातेलं द्यायला गेले तेव्हा मला कळलं. तोवर त्या भिंतीला टेकून बसून होत्या. पूर्वी दहा वाजून गेले असते तर काकांनीच पोऱ्याला पिटाळलं असतं, "बघ रे, आजी का आल्या नाहीत?" मी तर भिंतीपलीकडे राहते. माझ्याही लक्षात आलं नाही, हे अजून मनाला लागतं.

त्यानंतर दुकान या गोष्टीबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. आपण स्वतः टोपली घेऊन फिरायचं, ही पद्धत सुरू करणारं पहिलं दुकान १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात निघालं, 'पिगली विगली' नावाचं. मालक क्लॅरन्स सॉन्डर्स. त्याआधी तिथंही यादी द्यायची आणि नोकरानं माल काढून द्यायचा, अशीच रीत होती. सॉन्डर्सनं दुकानाची मांडणीच अशी केली, की एका फिरत्या दारानं आत शिरायचं, सगळ्या मालाच्या पुढून जायचं आणि गल्ल्यापाशी पैसे देऊन बाहेर पडायचं. नोकर कमी, भाव कमी, खप जास्त. पण अशा मांडणीत थांबायला जागा उरत नाही. गप्पा आपोआप बंद पडत नाहीत, दुकानाचा आराखडाच त्या बंद पाडतो.

आणि आराखड्यानं बंद पडलेलं आराखड्यानं पुन्हा सुरूही करता येतं. नेदरलँड्समधल्या 'जम्बो' या दुकानांच्या साखळीनं २०१९ मध्ये व्लाइमेन नावाच्या गावात एक वेगळा गल्ला सुरू केला. डच भाषेत त्याचं नाव 'क्लेट्सकासा', म्हणजे गप्पांचा गल्ला. ज्यांना घाई नाही त्यांनी या रांगेत यायचं, गल्ल्यावरची व्यक्ती निवांत बोलणार. एकाकी माणसांसाठी तिथल्या सरकारनं हाती घेतलेल्या मोहिमेत ही साखळीही सामील होती. लोकांना हे इतकं आवडलं, की २०२१ मध्ये असे दोनशे गल्ले करण्याचं त्यांनी जाहीर केलं. काही दुकानांत कॉफी पीत बसायचा कोपराही ठेवला.

इतकं लांब कशाला? मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात. माल एका ठिकाणी उतरतो आणि सभासद स्वतः त्याची वाटणी करतात. तिथं तर दुकानच नाही, तरी दर महिन्याला शेजारणी एकत्र येतात. म्हणजे जमायला मोठी जागा लागत नाही. थोडा वेळ थांबावं लागेल असं एखादं काम लागतं.

त्या दिवशी वेलदोडे घेता घेता हे सगळं काकांच्या मुलाला ऐकवलं. तो हसून म्हणाला, "वहिनी, बाकडं भाडं देत नाही. तेवढ्या जागेत बिस्किटांचा एक रॅक बसतो."

त्याचंही चूक नाही. मी म्हटलं, "अरे, पण आम्ही सगळ्या मोबाइलवर गेलोय त्याचं काय? मोबाइल बसायला सांगत नाही. तुझ्याकडं तेवढंच एक जास्त आहे."

तो काही बोलला नाही. चार दिवसांनी बघते तर सुटा माल मापायच्या काट्याजवळ दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा माठ! "दुपारी तीन ते पाच गर्दी नसते. तेव्हा आजींना घेऊन या. यादी मला द्या, मी काढून देतो," म्हणाला. मीही घरी येऊन मोबाइलवरची किराणाची यादी निम्मी केली. आपण सामान घेतलंच नाही, तर त्यानं खुर्च्या किती दिवस ठेवाव्यात?

मैत्रिणींनो, तुमच्या गावात कुणी दुकान नवं करत असेल, तर रंग-रॅक ठरायच्या आधीच गाठा त्यांना. फार काही मागायचं नाही. दाराजवळ, येणारी-जाणारी दिसेल अशी एक बसायची जागा, प्यायला पाणी आणि घाई नसलेला एक तास.

काल आजींना घेऊन गेले. प्लास्टर निघालंय, पण हात अजून आखडतो. खुर्चीत टेकल्या, पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "पावशेर साखर दे रे."

मी म्हटलं, "आजी, घरी दोन किलो आहे की!"

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "उद्या चहापत्ती घेईन."