सराफ बाजार: नदी, नाला आणि शेजार

गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की नाशिकच्या सराफ बाजारात आवराआवर सुरू होते. दुकानांतला माल माळ्यावर चढतो. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, अशी खबर दुकानातून दुकानात जाते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात आणि तिचा पूर मारुतीवरूनच मोजतात. संकट एकट्या नदीचं नाही. सरस्वती नाला बाजाराच्या पोटातून वाहत गोदावरीला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं तोंड दाबलं जातं आणि त्याचं पाणी उलटून रस्त्यावर येतं. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये सराफ बाजार आणि भांडी बाजार पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर गाळ उपसायला मालक आणि कामगार एकत्रच उतरतात.

तरी बाजार इथून हलला नाही, कारण याच नदीमुळे तो इथे आहे. रामकुंड, काळाराम मंदिर, घाट, सगळं जवळ. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडचं लग्नघर इथे येतं ते एका फेरीत सगळं उरकायला: सराफाकडे डाग, भांडी बाजारात तांब्यापितळेची भांडी, जवळच हारफुलं आणि पूजेचं सामान. एका दुकानाचं गिऱ्हाईक शेजारच्या चौघांचंही असतं. मॉलमध्ये हे जुळवून आणावं लागतं. इथे ते पिढ्यान्‌पिढ्या आपोआप जुळत आलं.

आता मात्र ते आपोआप होत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडला गाडी लावायला जागा मिळते. गावठाणात बोळ अरुंद, आणि जुने वाडे पूररेषा, भाडेकरू आणि वाटण्यांमध्ये अडकून पडलेले. सराफ आणि फूलविक्रेते यांच्यात जागेवरून वाद झाले. मला यात दोघांचंही म्हणणं खरं वाटतं. दुकानापुढे उभं राहायला वाव हवा हे खरं, आणि फुलाचा धंदा गिऱ्हाइकाच्या वाटेतच चालतो हेही खरं. पंचवटीत गणेशवाडीला महापालिकेने भाजी मंडई बांधली, पण विक्रेते घाटावरच बसत राहिले आणि ती इमारत वर्षानुवर्षं ओस पडली. बसणाऱ्यांना आधी विचारलं नाही की असं होतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत, त्या यासाठीच.

गिऱ्हाईक दुसरीकडे वळण्याची अडचण नाशिकपुरती नाही. कॅनडातल्या टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमधल्या दुकानदारांचंही गिऱ्हाईक मॉलकडे वळू लागलं होतं. त्यांनी स्वतःवरच जादा कर लावून घेतला. पालिकेने तो वसूल करायचा आणि त्याच पेठेवर खर्च करायचा, अशी सोय तिथे १९७० मध्ये सुरू झाली. पुढे ती पद्धत जगभर पसरली. तिचं बळ एवढ्यातच आहे की वर्गणी सगळ्यांना बंधनकारक असते. चार उत्साही दुकानदारांनी खर्च करायचा आणि बाकीच्यांनी फायदा घ्यायचा, हे तिथे चालत नाही.

नाशिकला हे परकं वाटू नये. १९५९ मध्ये इथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःची मर्चंट्स सहकारी बँक काढली. जुन्या गावठाणात रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात. एरवी ज्यावरून रहदारी चालते तो हौद परिसरातले लोक खोदून मोकळा करतात, रंगाने भरतात आणि सण झाला की पुन्हा बुजवतात. भर रस्त्यातली जागा वाटून वापरायची रीत या गल्ल्यांना ठाऊक आहे.

३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे. त्यानंतर देशभरातले भाविक याच बोळांतून घाटाकडे जातील. रोषणाई, कमानी, फरशी यांवर पैसा येईलच. सराफ, भांडीवाले आणि फूलवाले यांनी एक सामाईक निधी काढला, तर माझ्या मते त्यातला पहिला खर्च सरस्वती नाल्याच्या सफाईवर आणि पाणी उलटू न देणाऱ्या झडपांवर व्हावा, दुसरा हातगाड्यांच्या ठरलेल्या जागा आणि वेळा आखण्यावर. नाला तुंबला तर सोन्याच्या पेढीत आणि फुलाच्या टोपलीत एकच पाणी शिरतं, म्हणून या निधीच्या बैठकीला फूलवाली मावशीही बरोबरीने बसलेली हवी.